मूळ प्रतीशी ताडून

शके १९०९, पौष वद्य पक्ष. इंग्रजी गणनेने रविवार, दिनांक १७ जानेवारी १९८८, सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटे. स्थळ : प्रभाकर टॉकीज, कऱ्हाड. (‘कराड’ लिहिणाऱ्यांशी माझे भांडण जुने आहे, ते येथे काढीत नाही.) सभा नऊची होती. पाच मिनिटे गेली ती ॲडव्होकेट हणमंतराव उथळे यांच्यापायी. संक्रांत उलटून तीन दिवस झाले, तरी त्यांच्या कोटाच्या खिशातला हलवा संपला नव्हता.

“घ्या सर, तिळगूळ घ्या, गोड बोला.”

“तिळगूळ घेतो. बोलण्याचे पुढे पाहू.”

“बघा मंडळी!” उथळे प्रेक्षागृहाकडे वळून म्हणाले. “सरांनी अर्धाच करार मान्य केला. अर्धा करार कायद्यात टिकत नसतो हं, सर.”

“व्याकरणात टिकतो. तेथे दोन आज्ञार्थ स्वतंत्र आहेत.”

लोक हसले. कोणाच्या बाजूने हसले ते मला समजले नाही. उथळ्यांना मात्र समजल्यासारखे दिसले. आडनावावरून कोटी करणे मी असंस्कृतपणाचे मानतो, म्हणून ‘उथळे’ या आडनावावर मी आयुष्यात फक्त दोनदा कोटी केली होती. दोन्ही वेळा छापील.

रंगमंचावर दोन खुर्च्या, एक ध्वनिक्षेपक आणि एक लहान टेबल होते. टेबलावर माझ्या पुस्तकाची मुद्रिते (ज्यांना लोक ‘प्रुफे’ म्हणतात ती) ठेवली होती आणि त्यांच्यावर माझी लाल पेन्सिल. ती तेथे का होती, हे सांगायचे तर वाद मुळापासून सांगावा लागेल.

१९५७ साली ‘निरोपाचा विडा’ नावाचा एक मराठी चित्रपट आला आणि गेला. गोष्ट साधी. आई-वडिलांच्या मागे थोरली बहीण, आक्का, धाकट्या भावाला वाढवते. त्याच्यासाठी स्वतःचे लग्न राहून जाते. मग भावाचे लग्न होते, आणि एका चुलीला दोन बायका जड होतात. आक्का कोणालाही दोष न देता दूरच्या गावी शाळेत नोकरी पत्करते. निघताना भावजय तिच्या हातावर विडा ठेवते. आक्का उंबरठा ओलांडते, वळते, एक शब्द बोलते आणि बैलगाडीत बसते. ती परत येणार नाही हे तिला ठाऊक असते, भावजयीला ठाऊक असते, आणि चित्रीकरण इतके उत्तम होते की बैलांनाही ठाऊक असावे असे वाटते.

त्या एका शब्दावर मी १९६१ च्या एका दिवाळी अंकात निबंध लिहिला. त्याचे शीर्षक ‘येते’. आपल्याकडे घर सोडताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही. चार दिवसांसाठी निघालेली बाई ‘येते’ म्हणते. आणि जी कायमची निघाली आहे, तिलाही रीत तोच शब्द देते. आक्काचे ‘येते’ हे म्हणून एकाच वेळी रीत आहे, असत्य आहे आणि हुंदका आहे, असे मी अकरा पानांत सिद्ध केले. तीन प्राध्यापकांनी त्यावर मला पत्रे लिहिली. त्यांपैकी दोन शुद्ध होती. मी तेव्हा टिळक आळीत राहणारा, शाळेत मराठी शिकवणारा आणि उरलेल्या वेळी एका छापखान्याची मुद्रिते तपासणारा माणूस होतो. पुढेही तोच राहिलो. पण गावात ‘घारपुरेसर म्हणजे कोण?’ असे कोणी विचारले, तर उत्तर यायचे : “ते हो, ‘येते’वाले.” माणसाच्या वाट्याला एवढी ओळख पुष्कळ असते. १९८७ साली पुण्याच्या एका प्रकाशकाने माझे निबंध काढायचे ठरवले, तेही त्या एका निबंधाच्या बळावर. पुस्तकाचे नाव अर्थातच ‘येते’.

आणि त्याच दिवाळीत पुण्यात ‘निरोपाचा विडा’ पुन्हा लागला. जुना नव्हे. उन्मेष रणपिसे नावाच्या एका तरुण दिग्दर्शकाने तो नव्याने, रंगीत काढला होता.

मी ‘कृष्णातीर’ साप्ताहिकात ताबडतोब लेख लिहिला. ज्याला बैलगाडीच्या जागी एस.टी. सुचते, त्याला ‘येते’ हा शब्द पेलणार नाही; त्याची आक्का ‘जाते’ म्हणूनच निघणार; आणि ज्या चित्रपटात ‘येते’ आहे तोच श्रेष्ठ, ही माझी कसोटी मी कोणत्याही न्यायालयात मांडायला तयार आहे, असे त्यात म्हटले होते.

पुढच्याच अंकात उथळ्यांचे उत्तर आले. “सरांनी नवा चित्रपट पाहिलेला नाही, असे त्यांच्याच लेखावरून दिसते. कागदपत्रे न वाचता निकाल देणारे एक न्यायाधीश मी माझ्या वकिलीत पाहिले आहेत. परंतु ते निवृत्त झाले.”

“न पाहता लिहिलंत?” वत्सलेने मला विचारले. वत्सला म्हणजे माझी पत्नी.

“विष आहे हे कळण्यासाठी ते चाखावे लागत नाही.”

“पण विष आहे हे कुणी सांगितलं?”

मी लाल पेन्सिलीला टोक करू लागलो. गावाने मात्र दोन तट केले. जुन्या चित्रपटाला ‘साधं पान’ आणि नव्याला ‘मसाला पान’ अशी नावे पडली. शेवटी आमच्या चित्रपट रसिक मंडळाने ठरवले की दोन्ही चित्रपटांचा शेवट एकाच सकाळी, एकामागोमाग दाखवायचा. जुन्या चित्रपटाची प्रत कोठेच नाही अशी समजूत होती. पण प्रभाकर टॉकीजचे ऑपरेटर सर्जेराव यांनी तासगावच्या एका तंबू-थिएटरवाल्याच्या घरातून पत्र्याचे डबे शोधून आणले. पैज ठरली. माझे चुकले, तर मी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून ‘चुकलो’ म्हणायचे आणि तो निबंध पुस्तकातून स्वहस्ते लाल पेन्सिलीने काटायचा. उथळ्यांचे चुकले, तर त्यांनी माझे पुस्तक विकत घेऊन वाचायचे. शिक्षा समान असाव्यात असा माझा आग्रह होता.

डबे सापडल्याचे कळले तेव्हा वत्सला भाजी निवडत होती. “कशाला उगीच जुने डबे उघडता?” एवढेच ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “‘चुकलो’ म्हणायचं? तुम्ही? मग थोडा सराव करून जा हो. पहिल्यांदा जड जातं.”

येथे वत्सलेविषयी दोन गोष्टी सांगणे प्राप्त आहे.

पहिली अशी. मुद्रिते तपासण्याच्या कामाला दोन माणसे लागतात. एकाने हस्तलिखित, म्हणजे मूळ प्रत, मोठ्याने वाचायची. दुसऱ्याने ती ऐकत छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. तीस वर्षे मूळ प्रत वत्सला वाचत आली होती. माझ्या नजरेतून चूक निसटली तर ती बोलत नसे. कागदावर नखाने दोनदा टकटक करी. ‘मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय एक काना सोडू नये’ हे माझे ब्रीद होते. ते पाळले जात होते ते तिच्या नखामुळे.

दुसरी गोष्ट आमच्या लग्नाची. ‘निरोपाचा विडा’ मी एकदाच पाहिला. सत्तावन्न साली, याच टॉकीजमध्ये. वत्सलाही त्या खेळाला होती, पण चार रांगा पुढे, तिच्या भावाबरोबर. कारण त्या आठवड्यात आमचे ठरलेले लग्न जवळजवळ मोडले होते. तिच्या वडिलांनी लग्नपत्रिकेचा मसुदा माझ्याकडे पाहण्यासाठी पाठवला होता. त्यात ‘आशिर्वाद’ असा ऱ्हस्व ‘शि’ होता, शिवाय आणखी सहा चुका. मी सातही दुरुस्त्या लाल शाईने करून मसुदा परत पाठवला. सासरेबुवांनी उलट निरोप धाडला : “मी मुलगी देतो आहे, उत्तरपत्रिका नव्हे.” पुढे माझ्या काकांनी मध्यस्थी केली आणि लग्न झाले. पत्रिकेत ‘शी’ दीर्घ पडला. कोणी कोणाची क्षमा मागितली नाही.

आता पुन्हा रविवारच्या सकाळकडे वळतो.

सर्जेराव वरच्या खिडकीतून डोके काढून म्हणाले, “सर, आवाज जरा चिरकतोय, पण बोलणं कळतंय.”

“तुम्ही पाहिलात शेवट?”

“काल बघाया बसलो, तर रीळ उलटं लागलं हुतं. आक्का खाली डोकं वर पाय करून गाडीतनं उतरली आन् माघारी घरात आली. लय गोड शेवट झाला बघा!”

“तोही एक नवा अवतारच म्हणायचा,” उथळे म्हणाले. “रणपिसे, ऐकताय ना?”

पहिल्या रांगेत बसलेला दाढीवाला तरुण संकोचून हसला. हाच तो उन्मेष रणपिसे. माझ्या कल्पनेत तो काळा चष्मा लावणारा होता. प्रत्यक्षात त्याचा चष्मा माझ्यापेक्षा जाड होता आणि मांडीवर एक जुना, पिवळा पडलेला अंक होता. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, वत्सला बसली होती.

दिवे गेले.

पडद्यावर रेघांची रिपरिप होती. पण भावजयीने विड्याचे तबक उचलले आणि अडीचशे माणसे खोकणे विसरली. मी डोळे मिटून घेतले. अभिजात वाक्य कानांनी वाचावे असे माझे मत आहे. उंबरठ्यावर वहाणांचा आवाज झाला. पावले थांबली. आक्का वळली असणार.

“जाते.”

मी डोळे उघडले. गाडी हलली होती.

“काय म्हणाली?” मागून कोणीतरी विचारले.

“‘जाते’ म्हणाली.”

“नाही हो, ‘येते’. सरांनी लिहिलंय ना!”

“लिहिलंय खरं. पण म्हणाली ‘जाते’.”

“पुन्हा लावा!” ही आरोळी माझी होती.

सर्जेरावांनी पुन्हा लावले. ती “जाते” म्हणाली. आवाजाच्या चिरकण्याने पहिले अक्षर बिघडले असावे, अशी शंका मी उभा राहून मांडली, म्हणून तिसऱ्यांदा लावले. तिसऱ्या खेपेस तर मला तिचे ओठही दिसले. ‘ये’ म्हणताना ओठांचे कोपरे जसे मागे सरतात तसे ते सरले नाहीत. तिने सरळ तोंड उघडले आणि “जाते” म्हटले. उलटतपासणीत साक्षीदार फोडता येतो. पडद्यावरची बाई फोडता येत नाही.

दिवे लागले. उथळ्यांचा चेहरा विजयी असायला हवा होता. तो पडला होता.

“सर,” ते ध्वनिक्षेपक हाताने झाकून म्हणाले, “आईशप्पथ, मला हे ठाऊक नव्हतं. माझा मुद्दाच वेगळा होता.”

“कोणता?”

“नवा बघा, म्हणजे कळेल.”

नवा लावला. रंग इतके होते की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागला. बैलगाडीच्या जागी खरोखरच एस.टी. होती, कंडक्टर दार धरून उभा होता आणि घाईत होता. मान्य करणे भाग आहे की ती घाई वाईट नव्हती. भावजयीने विडा दिला. आक्का पायरी उतरली. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. आक्का वळली आणि म्हणाली :

“येते.”

प्रेक्षागृहात हशा उसळला. नंतर टाळ्या. नंतर पुन्हा हशा. रणपिसे उभा राहिला होता, आणि हातातला पिवळा अंक मला दाखवत होता.

“सर, हा तुमचा एकसष्टचा दिवाळी अंक. जुन्या ‘विड्या’ची प्रत मला मिळाली नाही. पटकथाही मिळाली नाही. मिळाला तो तुमचा निबंध. मी तोच मूळ धरून शेवट केला. तुम्ही लिहिलंय तसाच. त्या शब्दासाठी आमच्या बाईंनी अकरा वेळा शॉट दिला.”

“माझा मुद्दा हाच होता,” उथळे म्हणाले. “मी पुण्यात पाहिला तेव्हाच मनात म्हटलं, सरांचा शब्द तर पोराने डोक्यावर घेतलाय, मग सर भांडतायत कशासाठी? तेवढं गमतीनं दाखवायचं होतं. पण आता, सर, तुमचीच लेखी कसोटी. ‘ज्या चित्रपटात येते आहे तोच श्रेष्ठ.’ कृष्णातीर, पान तीन. त्या कसोटीवर...”

“मसाला पान!” कोणीतरी ओरडले.

मी उठलो. ध्वनिक्षेपकाजवळ गेलो. आणि येथे जे घडले ते मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ‘चुकलो’ म्हणण्यासाठी मी तोंड उघडले, आणि तोंडातून दुसरेच बाहेर पडले.

“थांबा,” मी म्हणालो. “घाई करू नका. ‘जाते’ हा शब्द तुम्ही नीट ऐकलात का? या घरात जन्मभर आक्का रीत पाळत आली. स्वतःचे लग्न राहू दिले, भावजयीचे टोमणे पोटात घातले, विडासुद्धा मुकाट्याने घेतला. रीत तिच्या हाती शेवटी एकच शब्द ठेवते : ‘येते’. आणि तो खोटा आहे हे ओळखून ही बाई आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडते आणि खरे बोलते. ‘येते’ हे सौजन्य असेल. ‘जाते’ हे सत्य आहे. ‘येते’ म्हणणाऱ्या बाया घरोघर सापडतील; ‘जाते’ म्हणायला...”

लोक पुढे सरकून ऐकू लागले होते. पहिल्या रांगेतले दोन माजी विद्यार्थी माना डोलावू लागले होते. खुद्द उथळे हळूच “वा!” म्हणाले. वाक्ये माझ्या ओठांवर आपणहून येत होती, अलंकारांसकट. आणखी पाच मिनिटे मिळाली असती, तर मी जुन्याच चित्रपटाला पुन्हा श्रेष्ठ ठरवले असते. निबंध शीर्षक बदलून तसाच उभा राहिला असता. आणि मी चुकलो होतो हे संध्याकाळपर्यंत कोणाच्या ध्यानातही राहिले नसते. अकरा पानांचा विरुद्ध निबंध मला त्या क्षणी तोंडपाठ होता.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. टक्, टक्.

वत्सलेने खुर्चीच्या लाकडी हातावर नखाने दोनदा वाजवले होते. इतरांनी ते ऐकले नसेल. मी ते तीस वर्षे ऐकत आलो होतो, आणि त्यानंतर पुढची ओळ वाचण्याची मला सवय नव्हती.

“‘जाते’ म्हणायला काय, सर?” उथळ्यांनी उत्सुकतेने विचारले.

“काही नाही,” मी म्हणालो. “हे सगळे मला आत्ता सुचले. सव्वीस वर्षांपूर्वी मी याच्या बरोबर उलट लिहिले होते, आणि लिहिण्यापूर्वी मूळ प्रतीशी ताडून पाहिले नव्हते. मी चुकलो.”

ध्वनिक्षेपक कर्कश किंचाळला. त्यालाही हा शब्द माझ्या तोंडून अपेक्षित नसावा. मी लाल पेन्सिल उचलली आणि पहिल्या पानावरच्या ‘येते’ या शीर्षकावरून, आणि मग पुढे एकेका पानावरून, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी रेघ ओढत गेलो. अकरा पाने. टाळी कोणीच वाजवली नाही. चौथ्या पानाला रणपिसे कळवळून म्हणाला, “सर, अहो, राहू द्या ना!” मी राहू दिले नाही. पैज म्हणजे पैज.

“मी पुस्तक घेतो, सर,” उथळे खालच्या आवाजात म्हणाले. “हरलो नसलो, तरी.”

“त्यात आता घेण्यासारखे काही उरलेले नाही,” मी म्हणालो, आणि हे मी वादासाठी म्हटले नव्हते.

सभा पांगली. प्रभाकर टॉकीजच्या दाराशी दगडी पायऱ्या आहेत, नऊ. मी मुद्रितांची पिशवी घेऊन चौथ्या पायरीवर आलो, तेव्हा वत्सला मागून म्हणाली, “अहो, जरा थांबा. एक विचारायचंय.”

“विचार.”

“तो निबंध लिहिलात तेव्हा तुम्हाला खरंच वाटलं होतं, की ती ‘येते’ म्हणाली?”

“अर्थात! नाहीतर लिहिला कसा असता?”

“म्हणजे मुद्दाम नव्हतं केलं?”

“काय मुद्दाम?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. एखादे पान दोनदा छापलेले सापडले की बघायची तशी.

“हीच पायरी,” ती म्हणाली. “सत्तावन्न साल. खेळ सुटला होता. दादा सायकल आणायला गेला, मी दोन पायऱ्या वर उभी. तुम्ही त्या खांबाशी. लग्न मोडल्यातच जमा होतं. दुसरा कुणी असता तर दोन शब्द बरे बोलला असता. तुम्ही काय बोललात, आठवतंय?”

मला आठवत होते. “‘आशीर्वादातला शी दीर्घच असतो,’” मी म्हणालो.

“हां. मी म्हटलं, ‘असेल.’ तेवढ्यात दादानं घंटी वाजवली. मी दोन पायऱ्या उतरले, वळले आणि म्हटलं...”

तिने तो शब्द उच्चारला नाही. उच्चारण्याची आवश्यकता नव्हती. सायकलची घंटी, पायरी, वळणे; नाकात चमकी, अंगावर हिरवे लुगडे. काळ्या-पांढऱ्या चित्रपटातली ती आक्का मला सव्वीस वर्षे हिरव्या लुगड्यात का दिसत होती, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्याच रात्री मी काकांना जाऊन सांगितले होते की मध्यस्थी करा, मुलगी येते म्हणाली आहे.

“मला वाटलं,” वत्सला म्हणाली, “तुम्ही माझा शब्द घेतलात आणि लाजेकाजेस्तव त्या बाईच्या तोंडी घातलात. दिवाळी अंकात बायकोचं नाव कसं घालणार! ती ‘जाते’ म्हणाली हे मला त्याच दिवसापासून पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मला राग आला होता तिचा. म्हणून तर मी तसं म्हटलं नाही.”

“आणि सव्वीस वर्षांत मला एकदाही बोलली नाहीस? मूळ प्रत वाचणारी तू!”

“प्रेमपत्राची कुणी मुद्रितं तपासतं का?”

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. अशी वेळ माझ्यावर क्वचित येते, त्यामुळे अशा वेळी हात कोठे ठेवावे हेही मला ठाऊक नव्हते.

“आणि तुम्हाला तर पत्ताच नव्हता,” ती पुढे म्हणाली. तिचा आवाज किंचित चिरकला, जुन्या रिळासारखा. “बसले मी आपली वर्षानुवर्षं मनातल्या मनात मिरवत. येतेवाले, येतेवाले! आणि येतेवाल्यांना येते कुणाचं हेच माहीत नाही.”

“वत्सला,” मी म्हणालो, “चुकलो.”

हे दुसऱ्यांदा. या खेपेस ध्वनिक्षेपक नव्हता, आणि तरी पहिल्यापेक्षा जड गेले. सराव होतो असे ती म्हणाली होती ते खरे नव्हे. परंतु मी ते तेथे सिद्ध करीत बसलो नाही.

ती पायरीवर बसली. माझ्या पिशवीतून मुद्रिते काढली, लाल पेन्सिल मागून घेतली, आणि काटलेल्या ‘येते’खाली एकापुढे एक बारीक टिंबे देऊ लागली. मुद्रितांच्या धंद्यात या टिंबांचा अर्थ एकच असतो : काट रद्द, मजकूर राहू द्या. शीर्षक झाल्यावर ती पहिल्या ओळीखाली सरकली. अकरा पाने ती अशीच करणार, हे मला दिसत होते.

“अगं, पण निबंध खोटा आहे. चित्रपटात तो शब्दच नाही!”

“मग तळटीप द्या. शब्द कुणाचा, कुठं म्हटला, किती साली. पायरीसुद्धा लिहा. चौथी.” आणि मान वर न करता, “नावही घाला. आता लाजायचं वय गेलं.”

तेवढ्यात उथळे आणि रणपिसे पायऱ्या उतरत आले. प्रेक्षागृहातला वाद दोघे बरोबर घेऊन आले होते. उथळे आता ‘जाते’च्या बाजूने बोलत होते, माझीच वाक्ये वापरून, आणि रणपिसे ‘येते’च्या बाजूने, तीही माझीच. आम्हाला पायरीवर बसलेले पाहून ते थांबले. उथळ्यांनी खिशातला उरलासुरला हलवा वत्सलेपुढे केला.

“वहिनी, सरांना विचारण्यात आता अर्थ नाही, ते दोन्ही बाजूंनी बोलून बसलेत. तुम्ही दोन्ही पाहिलेत, डोकं ताळ्यावर ठेवून. तुम्हीच निकाल सांगा. जुनी आक्का बरी, की नवी?”

वत्सलेने हलव्याचे दोन दाणे उचलले, एक मला दिला, एक तोंडात टाकला, आणि पेन्सिलीचे टोक पुढच्या ओळीखाली टेकवले.

“दोघींपेक्षा मी बरं म्हटलं होतं,” ती म्हणाली.